घरात घालायचे बूट

वाचता वाचता जरा खाली वाका आणि पायाच्या घोट्यावर बोट ठेवा. बाहेरच्या बाजूच्या. आता आतल्या बाजूच्या. दोन्ही एका उंचीवर नाहीत, आलं लक्षात? बाहेरचा घोटा थोडा खाली असतो. माणूस जन्मभर याच पायांवर चालतो आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका दुकानात एकवीस वर्षं लोकांच्या पायांशी बसले, तेव्हा कळलं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी पूर्वा फोनवर म्हणाली, "काकू, तुमच्या करिअरबद्दल लिहा ना. काहीतरी इन्स्पायरिंग." अगं बाई, कसलं करिअर! मी बूट विकले. कुणाचे चावत असतील तर ये, बघते, एवढंच मला सांगता येतं. तेच लिहिते.

दुकान होतं तंबू, गळ, कंदील, झोपायच्या पिशव्या असल्या सामानाचं. बंदुका नव्हत्या आमच्याकडे, ते दुकान वेगळं. पण शिकारीचे बूट होते आणि ते खातं माझं होतं. नवरा इथल्या स्टीलच्या कारखान्यात इंजिनियर. मी साताऱ्याची बी.एस्सी., इथे आल्यावर जी मिळाली ती नोकरी धरली. मॅनेजर डेबीला माझं नाव जमेना, म्हणून सुलभाची मी सू झाले. आईला फोनवर सांगितलं, की मी लोकांच्या पायात बूट घालून देते, तर ती म्हणाली, "परक्या पुरुषांच्या पायांना हात लावतेस?"

मी म्हटलं, "डॉक्टरीण असते तर चाललं असतं ना?"

"तू डॉक्टरीण नाहीस."

मुद्दा बरोबर होता. पुढे मी अर्धी डॉक्टरीण झाले, पण हे तिला शेवटपर्यंत पटवता आलं नाही.

शिकारीचा बूट पोटरीच्या निम्म्यापर्यंत येतो. चामडं जाड, टाचेचा भाग कडक. ओल्या उतारावर, गुडघाभर गवतातून, पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालायचं, तर घोटा मुरगळू नये म्हणून बूट त्याला चहूबाजूंनी आवळून धरतो. आणि नवा असताना नेमका तिथेच चावतो. कारण हा पाय कुठे वाकतो हे त्या चामड्याला अजून ठाऊक नसतं. पाय वाकला की चामड्याला घडी पडते. ती चुकीच्या जागी पडली की येते थेट घोट्याच्या हाडावर, आणि मग दर पावलाला घासते. बूट वाईट नसतो, फक्त कोरा असतो. हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

आता हा 'चावणे' शब्द. पहिल्या महिन्यातली गोष्ट. एक दांडगा गडी खुर्चीत बसला होता. मी त्याच्या पायात नवा बूट सरकवला, नाडी बांधायला घेतली, तोच त्याने तोंड वाकडं केलं. मी अगदी काळजीने विचारलं, "व्हेअर इज इट बायटिंग यू?"

पुढचं फार भरभर झालं. बूट माझ्या डोक्यावरून कंदिलांच्या फळीवर गेला आणि गडी एका पायावर खुर्चीवर उभा! इथे बुटात विषारी कोळी निघतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्याकडे बूटच चावतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डेबी हसून हसून जमिनीवर बसली. पण शब्द दुकानात रुजला. मी निवृत्त होईपर्यंत पोरं काउंटरवरून ओरडायची, "सू, धिस वन्स बायटिंग!"

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ट्रेव्हर नावाचा एक शिकारी नवे बूट घेऊन आला, घोट्याला लागतात म्हणून. माझे वडील कोल्हापुरी चप्पल आणली की आठवडाभर तिला तेल पाजायचे. मी मोठ्या आगाऊपणाने ट्रेव्हरला तोच उपाय सांगितला. तो बिचारा आज्ञाधारक. दोन आठवडे रोज तेल. बूट लोण्यासारखे मऊ झाले, घोटे दुखायचे थांबले. आणि पहिल्याच उतारावर त्या मऊ बुटात त्याचा पाय वळला. तो सबंध हंगाम त्याने कुबडीवर काढला. दुकानात आला तेव्हा चिडला नाही, "नो वरीज, सू" म्हणाला, त्याने मला जास्तच लागलं. अजूनही लागतं. चप्पल वेगळी आणि घोटा सांभाळणारा बूट वेगळा, हे शिकायची किंमत त्याच्या पायाने दिली.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच उपाय सांगत आले. दोन आठवडे बूट घरात घाला. रोज तासभर, मग दीड, मग दोन. स्वयंपाक करा, कपड्यांच्या घड्या घाला, उठा, बसा. लोक म्हणायचे, बाहेर का नको? अहो, बाहेर गेलं की परत यावं लागतं, चावत असला तरी. घरात चावला की त्या मिनिटाला काढता येतो. शिवाय दुकानाचा नियमच होता: बूट घरातल्या घरात घातले असतील तर बदलून देऊ, बाहेरची माती लागली की तुमचे तुम्हाला लखलाभ. तळवा उलटा करून बघायचा, बस. याला मी 'बूट मुरवणे' म्हणते. लोणच्यासारखंच आहे ते, घाई केली की नासतं.

गोरी गिऱ्हाइकं ऐकायची, निदान मला तसं वाटायचं. आपली माणसं मान डोलवायची, "शुअर, नो वरीज" म्हणायची, आणि घरी जाऊन खोका दाराबाहेरच्या शू-रॅकवर ठेवायची. मला कसं माहीत? मीही तेच केलं! माझे स्वतःचे डोंगरात जायचे बूट मी दुकानाच्या स्टोअररूममध्ये, शिफ्टला, खोकी लावता लावता मुरवले. घरात एक पाऊल टाकलं नाही. एकवीस वर्षं जगाला सांगत होते की बूट घालून घरात फिरा, आणि माझ्या घरात कुणी बुटांसकट आलं की माझ्या कपाळाला आठी.

तर आता निनाद.

मी नोकरी सोडायच्या आधीचा शेवटचा हिवाळा. निनाद दुकानात आला आणि म्हणाला, "काकू, शिकारीचे बूट हवेत."

"कुणाला?"

"मला."

मी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. ठाण्याचा मुलगा, इथल्या युनिला शिकायला आला नि राहिला, आता हॉस्पिटलच्या आयटीत. मंडळाच्या गणपतीत झांज वाजवणारा. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा. मी म्हटलं, "तू काय मारणार आहेस?"

"मी काहीच नाही. ग्लेन मारणार. मी फक्त चालणार."

ग्लेन म्हणजे टेगनचा बाप, स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला बॉयलरवाला. आणि टेगन ही निनादची मैत्रीण, दोन वर्षांपासूनची. दोघांनी नाताळात लग्न करायचं ठरवलं होतं. निनादच्या आईला आणि टेगनच्या आईला माहीत होतं. ग्लेनला निनाद स्वतः सांगणार होता, त्याचाच हट्ट होता तो. अडचण अशी, की ग्लेन टेबलाशी बसला की फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचपलीकडे बोलत नाही. बोलतो ते चालताना. आणि त्याने स्वतःहून निनादला बोलावलं होतं, तीन आठवड्यांनी, शनिवारी, मित्राच्या शेतावर हरणांमागे. वर एकच वाक्य: "चांगले बूट घे, मेट."

"किती चालायचं?" मी विचारलं.

"उजाडल्यापासून मावळेपर्यंत. काकू, मी लंगडलो ना, तर तो काही बोलणार नाही, दुपारीच गाडी परत फिरवेल. टेगन म्हणते, मग पुन्हा कधी बोलावेल सांगता येत नाही. आणि त्याला न सांगता मी लग्नाचा हॉल बुक करणार नाही."

हॉल जाऊ दे, त्याचा आवाज ऐकून मला कळलं, हा पोरगा सासऱ्याला भलताच टरकून आहे. मी त्याला दुसऱ्या दिवशी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, बोलावलं. बूट नेहमी दुपारनंतर घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजतात. जाड लोकरी मोजे घालून चार जोड बघितले, पाचवा बसला. टाच हलत नव्हती, बोटं मोकळी होती. मी बजावलं, "दोन आठवडे, घरात. बाहेर नाही. चावले तर बदलून देईन, पण तळवा स्वच्छ हवा."

"शुअर काकू, नो वरीज."

हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं, तरी त्या दिवशी खोदून विचारलं नाही. दुकानात गर्दी होती, एवढंच कारण. ती माझी चूक.

दहा दिवसांनी तो आला, भर थंडीत रबरी चपला घालून. दोन्ही बाहेरच्या घोट्यांवर पट्ट्या. हातात बूट, तळव्याला वाळलेला लाल चिखल.

"निनाद, हे काय रे?"

"एकदमच मुरवावेत म्हटलं. रविवारी डोंगरावर गेलो. चार तास."

माझं डोकं फिरलं. "अरे गाढवा, मी मराठीतच सांगितलं होतं ना? घरात म्हणजे घरात!"

"घरात कसं घालू, काकू? आई आलीय."

मग सगळं बाहेर आलं. आई तीन महिन्यांसाठी आलेली. फ्लॅट एवढासा. किचन, हॉल, जेवायचं टेबल सगळं एकाच खोलीत आणि फ्रिजशेजारी आईने मांडलेले देव. बूट उंबऱ्याच्या आत आणायचा प्रश्नच नव्हता. शिवाय आईला त्याने ट्रेकिंगला जातोय असं सांगितलं होतं. "शिकार म्हटलं तर ती... काकू, आमच्याकडे अंड्याचं पॅनसुद्धा वेगळं आहे."

मी कपाळाला हात लावला. ओरडून उपयोग नव्हता. बदलून देता येत नव्हते, अकरा दिवस उरले होते. मी त्याच्या घोट्याच्या हाडाच्या जागा खडूने बुटाच्या आतून खुणावल्या. आमच्याकडे सांडशीसारखं एक लोखंडी हत्यार असतं, एका टोकाला गोळा, दुसऱ्याला कडं. चामडं मधे धरून दाबलं की तेवढाच भाग बाहेर फुगतो आणि हाडाला जागा होते. तसे दोन्ही बूट रात्रभर लावून ठेवायचे ठरवले. टाचेखाली पातळ पट्टी घातली, म्हणजे पाय थोडा उचलला जातो आणि हाड कडक शिवणीच्या वर येतं. नाडी कशी बांधायची ते दाखवलं: पाय वाकतो तिथे दुहेरी गाठ, म्हणजे खाली घट्ट राहतं, आणि घोट्यावरचा एक हुक रिकामा सोडायचा.

"पण हे सगळं निम्मं काम," मी म्हटलं. "जखमा भरू दे तीन दिवस. मग रोज घरात घालायचे. आईला सांग."

"बघतो."

आपल्या मुलग्यांचं हे 'बघतो' मला चांगलं माहीत आहे. घरी दोन आहेत माझ्या.

दुसऱ्या दिवशी तो बूट घेऊन गेला. त्यानंतर तीन दिवसांनी दुकानात एक बाई आल्या. पंजाबी ड्रेस, वर पुरुषी जाड जॅकेट, हातात कापडी पिशवी. सरळ माझ्यासमोर येऊन थांबल्या. "सुलभाताई तुम्हीच ना? मी निनादची आई, शालिनी." आणि पिशवीतून तेच बूट काढून काउंटरवर ठेवले. तळवे घासून लख्ख धुतलेले.

त्यांनी बुटाची जीभ बाहेर ओढली. तिच्यावर शिंगांसकट हरणाचं डोकं छापलेलं.

"हे कशाला?"

"डिझाइन असतं हो कंपनीचं," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं, पण गुपित त्याचं होतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सुलभाताई, मी चौतीस वर्षं शाळेत काढलीत, शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. शिकारीचं मला टेगनने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. हे लपवायचं आहे हे तिला बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"तो सांगेल म्हणून वाट बघतेय. दोन आठवडे झाले." त्या बाजूच्या बाकावर बसल्या. "लग्नाचं सांगताना नाही घाबरला. याला घाबरला. मला न आवडणारी गोष्ट आणि मी करू न देणारी गोष्ट, यात फरक असतो. एकतिसाव्या वर्षी कळू नये त्याला?"

मी त्यांच्याशेजारी बसले.

"घोटे बघितले मी त्याचे, आंघोळ करून आला तेव्हा. सोलवटलेत पार. टेगनला फोनवर सांगत होता, घरात घालायला हवे होते, पण आईमुळे जमलं नाही. आईमुळे! एकदा तरी विचारलं का मला?"

"विचारलं असतं तर चाललं असतं?" मी विचारलं, आणि विचारताना मलाच लाज वाटली, कारण मीसुद्धा उत्तर धरूनच चालले होते.

"न चालायला काय झालं? खोक्यातून काढलेला नवा जोडा. बाहेरच्या जमिनीला लागला नाही तोवर ती एक वस्तू, पिशवीसारखी. लागला की मग तो जोडा. निनाद लहानपणी दिवाळीचे नवे बूट घालून गादीवर नाचायचा, मी कधी ओरडले नाही."

अहो, हे तर सगळ्या घरांत असतं! माझ्याही मुलांनी नवे बूट घालून सोफ्यावर उड्या मारल्यात. "शालिनीताई, हा आमच्या दुकानाचा नियम आहे! बाहेर लागला नाही तोवर नवा, लागला की तुमचा. शब्दसुद्धा जवळजवळ हेच."

"बघा!" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी मोठ्याने हसलो. डेबी तिकडून वाकून बघायला लागली.

एकवीस वर्षं. किती आपल्या माणसांना मी नुसतं "घरात घाला" म्हणून सोडून दिलं! बाहेर लागायच्या आत घाला, चालतं आपल्यात, एवढं एक वाक्य पुढे जोडलं असतं तर किती घोटे वाचले असते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

"पण आता हा बाहेर लागलाय," शालिनीताई म्हणाल्या. "धुतला मी, पण मनाला पटत नाही. आणि दिवस उरले सात."

मग मला आठवलं, इथे घरी प्लंबर आला की बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत येतो. मी सांगितलं. त्यांनी विचार केला. "प्लास्टिक घसरेल. मी शिवते. जुनी चादर आहे." मी सुचवलं, की तळाला रबराची जाळी लावा, गालिच्याखाली घालतात ती. त्यांनी माझ्याकडची टेप घेऊन बुटाची मापं घेतली, बिलामागे लिहिली आणि इथे गावात फिरणाऱ्या फुकटच्या बसने परत गेल्या.

पुढचं निनादने सांगितलं. संध्याकाळी तो कामावरून आला, दार उघडलं, तर बूट उंबऱ्याच्या आत. दोन्हींवर गुलाबी फुलांच्या चादरीचे अभ्रे, वर नाडी ओवून घट्ट बांधलेले. आई गॅसपाशी, पाठमोरी. वळून न बघता म्हणाली, "गरम पोळ्या खाऊन घे आणि मग तासभर चाल. देवांसमोरून नको, सोफ्यामागून जा. आणि हरणाचं मला माहीत आहे."

"काकू, मी बावळटासारखा रडलो," तो म्हणाला. "ती म्हणाली, रड, पण चालता चालता रड, वेळ कमी आहे."

रोज एक तास, मग दीड, मग दोन. भाजी चिरताना बूट, भांडी पुसताना बूट. टेगन आली की तीही मोजून मिनिटं सांगायची. शुक्रवारी त्याने मला घोट्यांचा फोटो पाठवला. कातडी गुलाबी, पण सलग.

शनिवारी मी शिफ्टला होते आणि माझं एकाही गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. अकरा वाजले, गाडी फिरली नसेल ना? एक वाजला. एका बाईला मी दोन्ही डावे बूट दिले. चार वाजता नवऱ्याचा फोन आला, की मागच्या अंगणात तीन हरणं येऊन उभी आहेत, गुलाब खाताहेत, काय करू? मी म्हटलं, खाऊ देत, आज तरी बिचारी तिकडे नाहीत.

रविवारी निनादचा फोन आला. "काकू, मावळेपर्यंत चाललो! एक हरिण दिसलं नाही."

"मला माहीत आहे ती कुठे होती. घोटे?"

"काही नाही. उजवा थोडा गरम झाला, हुक सोडला, बस."

"आणि?"

"सांगितलं त्याला. चढावर होतो. तो थांबला. मग पुन्हा चालायला लागला. एक तारेचं कुंपण ओलांडलं, माझ्यासाठी तार वर धरली, आणि म्हणाला, 'राइटो.'"

"मग?"

"मग काहीच नाही! काकू, तुम्ही एवढी वर्षं इथे आहात. राइटो म्हणजे काय?"

आता काय सांगू? राइटो म्हणजे हो. राइटो म्हणजे ऐकलं. राइटो म्हणजे आता पुरे कर. मी एकवीस वर्षांत तिन्ही ऐकलेत. टेगन म्हणत होती, काळजी करू नका, बाबा असाच आहे. पण तिच्या आवाजाची पट्टीही जरा वर गेलेली होती म्हणे. एक गोष्ट मात्र झाली होती. परत आल्यावर ग्लेन निनादची सॅक पोचवायला दारापर्यंत आला. चपलांची रांग बघून थबकला, आणि बुटाच्या नाड्या सोडायला वाकला. वय सत्तरीचं, हुक दोन्हीकडे बारा-बारा. शालिनीताईंनी त्याला थांबवलं आणि निनादच्या बुटांचे फुलांचे अभ्रे आणून त्याच्यापुढे धरले. तो ते घालून आत येऊन बसला, चहा प्यायला, दोन चकल्या खाल्ल्या आणि पावसावर एक वाक्य बोलून गेला. लग्नावर काही नाही.

पंधरा दिवस असेच गेले. हॉल बुक झाला नव्हता. शालिनीताई मला फोन करून विचारायच्या, "सुलभाताई, तुमच्या नवऱ्याच्या ओळखीचे कुणी कारखान्यात नाहीत का, त्याच्या मनातलं काढायला?"

आणि एका गुरुवारी ग्लेनच दुकानात आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एक उंच म्हातारा, हातात फाटका बूट, म्हणाला, "सू तूच ना? मी टेगनचा बाप. माझे गेले. त्या पोराला, निनादला, दिलेस तसे दे."

मी त्याला बसवलं, मोजे काढायला लावले. बाहेरच्या दोन्ही घोट्यांवर जुने घट्टे, कातडी जाड, काळपट. इतक्या वर्षांत मी असे थोडेच बघितले होते.

"हे कशाने?"

"नवे बूट. दर वेळी. पहिलं वर्ष चावतात," तो म्हणाला. 'बायटिंग' हाच शब्द. निनादकडून आला असणार.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. दोन आठवडे, घरात, बाहेर नाही. त्याने हात वर केला. "जमायचं नाही, लव्ह. बायकोचं पांढरं कार्पेट आहे. अडतीस वर्षांत बूट घालून किचनच्या पुढे गेलो नाही."

घ्या! म्हणजे गोरे तरी कुठे ऐकत होते! मला हसू आवरेना, पण मी गप्प राहून नाड्या ओवत राहिले. त्यालाही कळलं असावं. बुटाकडे बघत म्हणाला, "त्या पोराच्या आईकडे घालीन. तिच्याकडे ती फुलांची कव्हरं आहेत. संध्याकाळी तासभर जाऊन बसेन. ती अजून महिनाभर आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई," तो सावकाश म्हणाला, "माझी कोण? आमच्यात शब्दच नाही. तुमच्यात आहे का?"

"आहे. विहीण."

"व्ही-हीन."

"हो. आणि तू तिचा व्याही."

त्याने मान हलवली, उठला, खोका काखेत मारला. दाराशी पोचल्यावर स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणाला, "माय व्हीहीन." मग वळून माझ्याकडे बघितलं. "राइटो."

तो फूटपाथवर पोचायच्या आत मी फोन उचलला. निनादला नाही, आधी शालिनीताईंना.

"चहाचं आधण ठेवा," मी म्हटलं. "व्याही येताहेत. बूट घालून."